उंदीर झालेला मुलगा सुखी कसा?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं सुट्टीत रोआल्ड डाल यांचं 'द विचेस' दोन दिवसांत वाचून काढलं. वाचताना ती खिदळत होती, म्हणून मग मीही ते हातात घेतलं. शेवट वाचला आणि रात्री मला झोप लागेना. नायक उंदीर होतो आणि शेवटपर्यंत उंदीरच राहतो! माझ्या नणंदेला हे पुस्तक बायकांचा अपमान करणारं वाटतं. भाऊ म्हणतो, अमेरिकेत यावर बंदी आहे. ज्यांनी ते दिलं त्या ग्रंथालयातल्या बाई म्हणतात, डालचं सगळ्यांत चांगलं पुस्तक हेच. एकाच पुस्तकाबद्दल इतकी टोकाची मतं कशी? धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याला वाचून दाखवू का? आणि शेवटची अडचण अशी की मुलगी आता रस्त्यावर हातमोजे घातलेल्या प्रत्येक बाईकडे टक लावून बघते. पुण्यात राहून हे फार अवघड आहे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमची शेवटची अडचण वाचून मला हसू आलं, पण ती खरी आहे. तिच्याकडे शेवटी येतो. आधी मतांचा गुंता सोडवू. तुमच्या घरातल्या चौघांनी चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल मत दिलं आहे, त्यामुळे ते एकमेकांना खोडून काढत आहेत असं नुसतं वाटतं. मुलगी गोष्टीबद्दल बोलते, तुम्ही शेवटाबद्दल, नणंद गोष्टीमागच्या समजुतीबद्दल आणि भाऊ पुस्तकाच्या नशिबाबद्दल.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. 'द विचेस' १९८३ साली आलं, चित्रं क्वेंटिन ब्लेक यांची. गोष्ट एक मुलगा स्वतः सांगतो. त्याचं नाव पुस्तकात कुठेच येत नाही. सातव्या वर्षी नॉर्वेत मोटार अपघातात त्याचे आईवडील जातात आणि तो नॉर्वेजियन आजीकडे राहू लागतो. आजी चिरूट ओढते, तिचा एक अंगठा नाही, आणि चेटकिणींबद्दल तिला सगळं ठाऊक आहे. या चेटकिणींकडे टोकदार टोपी नसते, झाडूही नसतो. त्या चारचौघींसारख्या दिसतात. फक्त नखं मांजरीसारखी असल्यामुळे त्या बारा महिने हातमोजे घालतात, डोक्याला टक्कल असल्यामुळे केसांचा टोप लावतात आणि पायांना बोटं नसतानाही निमुळत्या बुटांत पाय कोंबतात. लहान मुलांचा त्यांना मनापासून तिटकारा असतो.

पुढे आजी-नातू इंग्लंडच्या किनाऱ्यावर बोर्नमथच्या एका हॉटेलात उतरतात. तिथेच बालछळ-प्रतिबंधक संस्थेच्या नावाखाली इंग्लंडभरच्या चेटकिणींची सभा भरते. मुलगा पडद्यामागे बसून आपल्या पांढऱ्या उंदरांना कसरती शिकवत असतो. तो तिथेच अडकतो आणि त्यांचा बेत ऐकतो. मिठाईची दुकानं विकत घ्यायची, गोळ्या-चॉकलेटांत औषध घालायचं, म्हणजे खाल्लेलं मूल दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजता, शाळेतच, उंदीर होईल. मग चेटकिणींना काहीच करावं लागणार नाही. शिक्षकच पिंजरे आणतील, सापळे लावतील.

इथे जरा थांबा. तुमच्या मुलीला या बेतात काय दिसलं असेल? नऊच्या ठोक्याला वर्गभर उंदीर आणि बाकांवर चढलेले गुरुजी. तुम्हाला काय दिसलं? आपल्याच मुलांना न ओळखता मारणारी मोठी माणसं. ओळी दोघींनी त्याच वाचल्या. ती उंदरांच्या बाजूला उभी राहिली आणि तुम्ही सापळ्याच्या. या पुस्तकावरची बहुतेक भांडणं मला याच ठिकाणी सुरू होताना दिसतात.

आता तुमची झोप उडवणारा शेवट. मुलगा पकडला जातो, उंदीर होतो, पण त्याची बुद्धी, आवाज आणि आठवणी तशाच राहतात. तेच औषध चोरून तो हॉटेलच्या मुदपाकखान्यात चेटकिणींच्या सूपमध्ये ओततो. या भानगडीत त्याच्या शेपटीचा तुकडा जातो, पण चेटकिणींचा निकाल लागतो. इथवर सगळं परीकथेच्या वळणानं जातं. आता कुणीतरी उतारा शोधील, मुलगा पुन्हा माणूस होईल, अशी आपण वाट बघतो. तसं काहीच होत नाही. उलट तो आजीला विचारतो, मी किती जगेन? आजी खोटं बोलत नाही. साधा उंदीर तीनेक वर्षं जगतो, तू माणूस-उंदीर आहेस, तू त्याच्या तिप्पट जगशील, म्हणजे साधारण नऊ वर्षं. मुलाला आनंद होतो. आजी शहाऐंशी वर्षांची आहे, तिच्या हाती तेवढीच वर्षं उरलेली असणार. तिच्या माघारी दुसऱ्या कुणी आपला सांभाळ करावा, हे त्याला नकोच असतं.

मोठ्या वाचकाला हे वाक्यावाक्याला टोचतं, कारण आपण लगेच वजाबाकी करतो. मुलाचं शिक्षण, तारुण्य, लग्न, संसार सगळं गेलं. पण हा हिशेब मूल करत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला नऊ वर्षं म्हणजे अख्खं आयुष्य वाटतं, आजवर ती जगली आहे तेवढं सगळं. मुलाचं मोठं भय असतं ते एकटं पडण्याचं. या मुलाचे आईवडील पहिल्याच काही पानांत गेलेले असतात. पुढचं सगळं पुस्तक तो एकाच प्रश्नाचं ओझं वागवत असतो : आजीही गेली तर? शेवट त्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि मुलांना ते उत्तर पटतं. तुमची मुलगी खिदळत होती म्हणजे तिला काही कळलं नाही, असं समजू नका. जे कळायला हवं होतं ते तिला तुमच्या आधी कळलं.

माझ्या मते शेवटाचा खरा जोर मात्र एका शेजारच्या प्रसंगात आहे. तो बऱ्याच मोठ्या वाचकांच्या नजरेतून निसटतो. हॉटेलात ब्रुनो जेंकिन्स नावाचा आणखी एक मुलगा उंदीर झालेला असतो, सदा काहीतरी खाणारा. आजी त्याला त्याच्या आईवडिलांकडे घेऊन जाते. आईला तर उंदराचीच शिसारी. वडिलांना आधी ते खोटं वाटतं, मग संताप येतो. आपला मुलगा उंदीर, हे त्यांच्या पचनी पडत नाही. हे सगळं विनोदी रंगात लिहिलं आहे. पण त्याच्या शेजारी आजीला उभं करून बघा. नातू उंदीर झाल्यावर ती रडते, आणि मग कामाला लागते. आपल्या केसांच्या ब्रशाचे तंतू वापरून त्याच्यासाठी एवढासा दात घासायचा ब्रश बनवते. साखरेच्या भांड्यात त्याची अंघोळ होते. प्रेमाचं वर्णन करणारी पानंच्या पानं लिहून जे साधलं नसतं ते त्या इवल्या ब्रशानं साधलं आहे.

तुम्हाला जो शेवट खुपला तो चित्रपटवाल्यांनाही खुपला होता. १९९० साली निकोलस रोग यांनी यावर चित्रपट काढला. चेटकिणींची म्होरकी, म्हणजे महाचेटकीण, झाली होती अँजेलिका ह्यूस्टन, आणि बाहुल्यांची करामत जिम हेन्सन यांच्या मंडळींची होती. त्यात शेवटी एक चांगली झालेली चेटकीण येते आणि मुलाला पुन्हा माणूस करते. डाल यांना हा बदल मुळीच आवडला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. पुढे २०२० मध्ये रॉबर्ट झेमेकिस यांनी दुसरा चित्रपट केला. कथा अमेरिकेतल्या अलाबामात नेली, पण मुलाला उंदीरच ठेवलं. म्हणजे तीस वर्षांच्या अंतरानं दोन दिग्दर्शकांनी तुमचा आणि तुमच्या मुलीचा वाद मोठ्या पडद्यावर खेळून दाखवला, असं म्हणायला हरकत नाही.

डाल यांनी असा शेवट का केला, याचा थोडा सुगावा त्यांच्या आयुष्यात लागतो. त्यांचा जन्म १९१६ चा, वेल्समधल्या कार्डिफजवळचा, पण आईवडील नॉर्वेजियन. ते तीन वर्षांचे असताना मोठी बहीण गेली आणि काही आठवड्यांत वडीलही गेले. आई सोफी हिनं एकटीनं मुलं वाढवली, उन्हाळ्यात त्यांना नॉर्वेला नेलं, तिकडच्या राक्षसांच्या गोष्टी सांगितल्या. नवव्या वर्षी रोआल्डला वसतिगृहाच्या शाळेत धाडलं गेलं. पुढे १९६२ साली त्यांची स्वतःची सात वर्षांची मुलगी गोवरातून उद्भवलेल्या मेंदूज्वरानं गेली. अशा माणसाला सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं, असं मुलांना सांगणं जड गेलं असेल तर नवल नाही. पुस्तकातली आजी म्हणजे बरीचशी ती नॉर्वेजियन आईच आहे.

आता नणंदेच्या आक्षेपाकडे वळू. तो हलका नाही. पुस्तक छापलं जाण्याआधी डाल यांच्या अमेरिकेतल्या संपादकानंही तो काढला होता. पुस्तकाची बाजू घेणारे नेहमी दोन गोष्टी दाखवतात. एक, डाल सुरुवातीलाच सांगतात की बायकांबद्दल वाईट बोलायचं नाही, बहुतेक बायका छानच असतात, आणि भुतांच्या काही जाती नेहमी पुरुषच असतात. दुसरी, पुस्तकातलं सगळ्यांत शूर आणि शहाणं मोठं माणूस ही एक बाईच आहे, ती आजी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून हे पुस्तक प्रत्येक बाईला चेटकीण म्हणतं, हा समज चुकीचा आहे.

पण तेवढ्यानं आक्षेप मिटत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. गोष्टीची सगळी गंमत एका खेळावर उभी आहे : समोरची बाई साधी दिसते, पण असेल का तीही? खूण शोधायची ती हातांत, केसांत, चालण्यात. टक्कल पडलेली बाई, संधिवातानं बोटं वाकडी झालेली बाई, लंगडत चालणारी बाई, या सगळ्याजणी त्या खेळात संशयाखाली येतात. चांगली आजी पुस्तकात असली तरी तो खेळ काही थांबत नाही.

आणि आपण मराठी वाचक असल्यामुळे इथे आणखी एक गोष्ट आठवते. चेटकीण हा शब्द आपल्याकडे मुलांच्या नाटकातून आला की हसू येतं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण घ्या. पूर्वी दिलीप प्रभावळकर आणि अलीकडे वैभव मांगले यांनी ती रंगवली. तिला बघून पहिल्या रांगेतली मुलं किंचाळतात आणि मध्यंतरात तिचीच नक्कल करतात. पण डाकीण हा शब्द सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबारकडच्या पाड्यांवर उच्चारला गेला की कुणाला हसू येत नाही. तिथे त्या शब्दापायी खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, घर सोडावं लागलं आहे. करणी करते असा आळ घेऊन एखाद्या व्यक्तीला छळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराष्ट्रात गुन्हा आहे. खुणांवरून बाई ओळखण्याच्या खेळाबद्दल तुमच्या नणंदेच्या मनात खुटखुट लागली असेल तर ती जागा बरोबर आहे. मी मुलांना हे पुस्तक वाचून दाखवतो आणि त्यानंतर हेही सांगतो. दहाव्या-अकराव्या वर्षाच्या मुलांना ते नीट समजतं. त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा थेट असतात.

याच धाग्यातलं आणखी एक. डाल यांनी १९८३ मध्ये, म्हणजे हे पुस्तक आलं त्याच वर्षी, एका मुलाखतीत ज्यू लोकांबद्दल द्वेषाची विधानं केली होती. २०२० मध्ये त्यांच्या कुटुंबानं त्याबद्दल माफी मागितली. त्यामुळे काही वाचकांना महाचेटकिणीच्या गुप्त टोळीत आणि तिच्या नोटा छापणाऱ्या यंत्रात जुन्या द्वेषकथांचे पडसाद ऐकू येतात. हे वाचन मला ओढूनताणून केलेलं वाटत नाही. पुस्तक आवडणाऱ्यानं हे माहीत ठेवूनच ते आवडून घ्यावं.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत या पुस्तकावर सरकारी बंदी कधी आली नाही. तिथे होतं असं की एखादा पालक शाळेकडे किंवा ग्रंथालयाकडे लेखी तक्रार करतो, अमुक पुस्तक मुलांसाठी योग्य नाही, ते काढून टाका. अशा तक्रारींची नोंद अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ठेवते. १९९० च्या दशकात सर्वाधिक तक्रारी आलेल्या शंभर पुस्तकांच्या यादीत 'द विचेस' आहे. कुणाला जादूटोण्याचा विषय नको होता, कुणाला बायकांचं चित्रण. तक्रार आली म्हणजे पुस्तक गेलंच असं नसतं. बऱ्याचदा समिती ते वाचते आणि कपाटात परत ठेवते. 'तक्रार झालेली' हा शब्द घरोघरी फिरता फिरता 'बंदी घातलेली' होतो, एवढंच. आणि तक्रारींच्या जोडीला हेही सांगायला हवं की १९८३ चा व्हिटब्रेड बालसाहित्य पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला होता.

दोन वाचकांचं या पुस्तकावर पटत नसेल तर आणखी एक साधं कारण तपासून बघा : दोघांच्या हातात एकच पुस्तक आहे का? २०२३ च्या फेब्रुवारीत बातमी आली की पफिन प्रकाशनानं डाल यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत बरेच शब्द बदलले आहेत. 'द विचेस'मध्ये जी बाई पूर्वी दुकानात गल्ल्यावर बसायची किंवा साहेबाची पत्रं टंकलिखित करायची, ती नव्या आवृत्तीत मोठी शास्त्रज्ञ असते किंवा स्वतःचा व्यवसाय चालवते. केसांच्या टोपाबद्दलच्या मजकुरात एक वाक्य वाढवलं, की बायका इतर अनेक कारणांनीही टोप वापरतात आणि त्यात वावगं काही नाही. यावर सलमान रश्दींपासून ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधानांपर्यंत अनेकांनी टीका केली. मग आठवड्याभरात प्रकाशकांनी जुन्या मजकुराची वेगळी मालिकाही चालू ठेवायचं जाहीर केलं. म्हणून आज बाजारात दोन्ही मिळतात. तुमच्या प्रतीतली बाई टंकलेखन करते की संशोधन, हे एकदा उघडून पाहा. नणंदेनं लहानपणी जुनी प्रत वाचली असेल आणि तुमच्याकडे नवी असेल, तर तुमचा अर्धा वाद तिथेच संपेल.

मला स्वतःला हे बदल फारसे उपयोगी वाटत नाहीत. संशयाचा खेळ तसाच राहिला, फक्त संशयित बाईला बढती मिळाली. टोपाबद्दलचं वाक्य मायेनं घातलेलं आहे, कर्करोगाच्या उपचारात केस गेलेली आई घरात असलेल्या मुलाला ते नक्की बरं वाटेल. पण ते वाक्य छापील मजकुरात घुसवण्याऐवजी वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या तोंडून आलं तर अधिक खरं वाटतं.

शरीरावरच्या खुणांचा हा खेळ कुणाला कसा दुखावतो, याचा धडा २०२० च्या चित्रपटानं दिला. पुस्तकात चेटकिणींच्या हातांना नखं आहेत, हाताची बोटं कमी आहेत असं कुठेही नाही. चित्रपटात महाचेटकिणीच्या, म्हणजे ॲन हॅथवेच्या, हाताला काही बोटंच ठेवली नाहीत. जन्मतः असे हात असलेली माणसं जगात आहेत. आपला हात राक्षसाची खूण म्हणून दाखवला, असा आक्षेप पॅरालिम्पिक खेळाडूंसह अनेकांनी घेतला. वॉर्नर ब्रदर्सनं आणि हॅथवेनंही माफी मागितली. तो आक्षेप पुस्तकाच्या नावावर घालू नये. तो चित्रपटाचाच आहे.

आता धाकट्याचं. सहाव्या वर्षी हे पुस्तक द्यावं का, याचं उत्तर 'मूल धीट आहे का' यावर अवलंबून असतं असं आपण समजतो. त्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते मूल कशाला घाबरतं. सिंथिया हॉफनर आणि जोअॅन कँटर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना एका म्हातारीची चित्रफीत दाखवली. काहींना ती दिसायला कुरूप होती, काहींना छान आजीसारखी, आणि दोन्ही रूपांत कधी ती मायाळू वागायची तर कधी क्रूर. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी म्हातारी चांगली की वाईट हे मुख्यतः दिसण्यावरून ठरवलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी ते वागण्यावरून ठरवलं. सहा-सात वर्षांची मुलं या दोन टोकांच्या मधली.

आता ही गोष्ट 'द विचेस'ला लावून पाहा. यातली महाचेटकीण दिसायला देखणी आहे, आणि मग सभेत ती आपला चेहरा मुखवट्यासारखा उतरवते. दिसणं आणि असणं यांत फरक असतो, हे ज्याला कळलं आहे त्याला या प्रसंगात थरार मिळतो. ज्याला अजून कळायचं आहे त्याच्या पायाखालची जमीन सरकते, कारण त्याच्या हिशेबी छान दिसणारी बाई म्हणजे सुरक्षित बाई. म्हणून सहाव्या वर्षी मी सगळं पुस्तक वाचून दाखवणार नाही. अजून दोन वर्षं थांबलं तर काही बिघडत नाही.

आणि द्यायचं ठरवलंच, तर एका जागी सावध राहा. ती जागा सभेची नव्हे. आजी सुरुवातीला नातवाला पाच मुलांच्या हकिकती सांगते. त्यातली एक मुलगी नाहीशी होते आणि घरातल्या भिंतीवरच्या तैलचित्रात दिसू लागते. चित्रात ती कधी बदकांना खायला घालताना दिसते, कधी खिडकीत. वर्षं जातात तशी ती चित्रातच मोठी होते, म्हातारी होते, आणि एके दिवशी चित्रातूनही जाते. तिचे आईवडील हे सगळं बघत राहतात. यात रक्त नाही, किंकाळी नाही. पण आमच्या गच्चीवर मी सोसायटीतल्या मुलांना हे वाचून दाखवलं तेव्हा सभेच्या प्रकरणात ती हसली आणि या एका पानावर गप्प झाली. एका मुलीनं विचारलं, तिला तिकडून आई दिसत होती का? मला उत्तर देता आलं नाही. या पुस्तकातलं सगळ्यांत भीतिदायक पान मी हेच मानतो, आणि सगळ्यांत सुंदरही.

उलट ज्या भागाची पालकांना काळजी वाटते त्याचं मुलांना काहीच वाटत नाही. पुस्तकात चेटकिणींना स्वच्छ मुलांचा वास कुत्र्याच्या विष्ठेसारखा येतो. मळलेलं मूल त्यांना लवकर सापडत नाही. त्यावरून आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं आठवडाभर अंघोळीवर बहिष्कार टाकला होता. त्याच्या आईनं जाब विचारला तो मला. मी तिची क्षमा मागितली, आणि पुढच्या वेळी हे प्रकरण रविवारी सकाळी, अंघोळी झाल्यावर वाचायला घेतलं.

राहता राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. पुण्यात दुचाकीवर निघालेली निम्मी महिलामंडळी सनकोट, ओढणी आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून असते, तेव्हा तिची पंचाईत मी समजू शकतो. तिला असं काही नसतंच, एवढं सांगून ती थांबणार नाही. तुम्हाला माहीत नाही, असंच तिच्या मनात येईल. त्यापेक्षा पुस्तकाचाच नियम वापरा. चेटकीण घराबाहेर हातमोजा कधीच काढत नाही, हे तिला पुस्तकातल्या आजीनं सांगितलेलं आहे. आता तिला सिग्नलला नेऊन उभं करा. दिवा लाल झाला की सनकोटातल्या बाया एका हाताचा मोजा दातांनी ओढून काढतात आणि फोन बघतात. नखं अगदी साधी असतात, एखादीच्या नखांवर मेंदीचा रंग उरलेला असतो. दोन-तीन सिग्नल झाले की ती स्वतःच टक लावून बघणं सोडून देईल.